डाळिंबाच्या सालींचा अर्क अल्ट्रासॉनिक बाथवर कसा काढाल

सोलापुरात डाळिंबाच्या सालींना तोटा नाही. कॉलेजसमोरच्या रसवाल्याकडे सकाळी रिकामी पिशवी दिली की संध्याकाळी भगवा जातीच्या डाळिंबाच्या सालींनी भरून मिळते. प्युनिकॅलॅजिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं या सालीत खच्चून भरलेली असतात, आणि आपण ती उकिरड्यावर टाकतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

साली धुऊन स्टीलच्या सुरीनेच चिरा. पहिल्या वर्षी मी घरची लोखंडी विळी नेली होती. सालीतलं टॅनिन लोखंडाला लागलं आणि फोडी काळ्याठिक्कर पडल्या, सगळ्या टाकाव्या लागल्या. साली सावलीत कडकडीत वाळवून मिक्सरमधून रव्याएवढ्या जाड काढा. वस्त्रगाळ पूड केलीत तर पुढे गाळताना कागद तुंबतो.

१ ग्रॅम भुकटीला २० मिलिलिटर द्रावक घ्या, निम्मं इथेनॉल, निम्मं पाणी. पाण्याने भुकटी फुगते, म्हणून नुसत्या इथेनॉलपेक्षा हे मिश्रण चांगलं. जवळपास बर्नर पेटलेला नको.

आमचा अल्ट्रासॉनिक बाथ (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी पाणी कंपवणारी टाकी) ४० किलोहर्ट्झचा आहे. म्हणजे सेकंदाला ४०,००० कंपनं. त्यांनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि भुकटीच्या कणांशेजारी फुटतात. त्या तडाख्याने पेशींच्या भिंती फाटून आतली द्रव्यं बाहेर येतात. मात्र बाथमध्ये सगळीकडे हा जोर सारखा नसतो. ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी मिनिटभर पाण्यात उभी धरा (चिमट्याने, चालू बाथमध्ये हात घालू नका). जिथे जास्त भोकं पडतील तिथेच फ्लास्क लावा, तोही क्लॅम्पने अधांतरी. तळाला टेकवायचा नाही.

आता तापमान. मुलं इथेच चुकतात. बाथ चालू राहिला की पाणी आपोआप तापत जातं. गरम द्रावकात बुडबुड्यांमध्ये वाफ भरते, ते फुटतात पण जोर राहत नाही. शिवाय नाजूक द्रव्यं उष्णतेने बिघडतात. मी ४० अंशांच्या वर जाऊ देत नाही. थर्मामीटर कायम पाण्यात, हाताशी बर्फाचे तुकडे, आणि २० मिनिटांनी बंद. तासभर ठेवलं म्हणून तिप्पट अर्क निघत नाही.

बाथऐवजी प्रोबचं, म्हणजे कंप पावणारी दांडी थेट द्रावणात बुडवायचं, यंत्र असेल तर ते सलग चालवू नका, ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, आणि पात्र बर्फात.

याच्याच जोडीला दुसरा फ्लास्क हवाच: तीच भुकटी, तेच द्रावक, तितकाच वेळ, ४० अंशांच्या साध्या वॉटर बाथमध्ये. तो नसेल तर अल्ट्रासाउंडने नेमकं काय साधलं ते कळणार कसं?

दोन्ही अर्क गाळून डीपीपीएचची चाचणी लावा (हे जांभळं रसायन, अँटिऑक्सिडंट भेटलं की त्याचा रंग उतरतो). अंधारात ३० मिनिटं ठेवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्या. जांभळा रंग जितका उतरेल तितका अर्क जोरदार. पण अर्क आधी पातळ करा, मी १०० पटीपासून सुरुवात करते. तसाच घातलात तर दोन्ही नळ्या लगेच पिवळ्या होतात आणि फरक दिसत नाही.