रिक्वायर-जेएसची कॉन्फिग: शिममध्ये काय टाकायचं, काय नाही

रिक्वायर-जेएस म्हणजे जावास्क्रिप्टच्या फाइली लागतील तशा लोड करणारा लोडर. त्याच्या कॉन्फिगमध्ये बेस-यूआरएल (फाइलींचं मूळ ठिकाण) आणि पाथ्स (कोणत्या नावाची फाइल कुठे आहे) आधी उरकून घ्या. पाथ्समध्ये फाइलच्या नावापुढे ‘.जेएस’ लावू नका, लोडर ते स्वतः लावतो. जेक्वेरी या लायब्ररीचं नाव सगळं स्मॉल अक्षरांतच लिहा. १.७ पासून ती त्याच नावाने स्वतःची नोंद करते, तुम्ही दिलेलं लाडकं नाव तिला कळत नाही आणि हाती ‘अनडिफाइंड’ येतं.

आता शिम. ‘लोड होत नाही ना, मग शिममध्ये टाक’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याने माझे दोन दिवस खाल्ले. शिम फक्त जुन्या स्क्रिप्टसाठी आहे, ज्या ‘डिफाइन’ (लोडरकडे स्वतःची नोंद करणारं फंक्शन) बोलावत नाहीत आणि ग्लोबल व्हेरिएबल मागे सोडून मोकळ्या होतात. ओळखायचं कसं? फाइल उघडा आणि ‘डिफाइन’ शोधा. सापडलं तर ती फाइल शिममध्ये लिहू नका. लिहिलीत तरी तिथलं एक्सपोर्ट्स कोणी बघत नाही.

नोंद साधी असते. डेप्समध्ये आधी काय यायला हवं त्याची यादी, एक्सपोर्ट्समध्ये त्या ग्लोबलचं नाव, अक्षरन् अक्षर तेच. जेक्वेरीच्या प्लगइनला एक्सपोर्ट्स लागतच नाही, नुसती डेप्सची यादी पुरते.

माझं घोडं अडलं ते इथे. बॅकबोन या लायब्ररीचं एक जुनं प्लगइन होतं, डिफाइन नसलेलं. शिममध्ये त्याच्या डेप्सला बॅकबोन लिहिलं. माझ्या मशीनवर झकास चाललं. बिल्ड करून (सगळ्या फाइली एकत्र बांधून) सर्व्हरवर चढवलं आणि पान पांढरं. कन्सोलमध्ये: बॅकबोन सापडत नाही. बिल्डच्या फाइलमध्ये तर बॅकबोन प्लगइनच्या वरच बसलेलं दिसत होतं!

कारण असं: सुट्या फाइली असताना लोडर बॅकबोन चालून होईपर्यंत प्लगइनची फाइल मागवतच नाही. बिल्डमध्ये सगळं एकाच फाइलमध्ये येतं आणि ब्राउझर ती वरून खाली चालवत सुटतो. १.१.१ पासून बॅकबोनचा कोड डिफाइनच्या फंक्शनमध्ये असतो, आणि कोणी मागेपर्यंत ते फंक्शन चालत नाही. प्लगइनला असं कवच नाही, ते लगेच धावतं आणि तोंडावर आपटतं. जेक्वेरीच्या प्लगइनांचं हे होत नाही, कारण जेक्वेरी आपलं ग्लोबल ताबडतोब बनवते. म्हणूनच हा घोळ इतका उशिरा कळतो.

तेव्हा शिमच्या डेप्समध्ये दोनच प्रकार ठेवा: दुसरी शिम केलेली स्क्रिप्ट, किंवा जेक्वेरीसारखी, जिला स्वतःला काही लागत नाही आणि जी ग्लोबलही बनवते. तिसरं काही लिहावंच लागलं तर बिल्डच्या कॉन्फिगमध्ये ‘रॅपशिम’ ट्रू करा, म्हणजे जुन्या स्क्रिप्टलाही डिफाइनचं कवच मिळतं. त्याच कॉन्फिगमध्ये ‘मेनकॉन्फिगफाइल’ही द्या. बिल्डचं टूल तुमची शिमची नोंद आपणहून वाचत नाही.

रॅपशिमची एक खोड आहे. स्क्रिप्ट फंक्शनच्या आत गेली की तिच्यातली वरच्या पातळीवरची ‘व्हार’ने केलेली व्हेरिएबल ग्लोबल राहत नाहीत. एक्सपोर्ट्समधलं नाव तेवढं ग्लोबल राहतं. बाकीची कोणी बाहेरून वापरत असेल, तर ती स्क्रिप्टमध्येच ‘विंडो’वर (ब्राउझरच्या ग्लोबल ऑब्जेक्टवर) टांगा.

टाइमआउटची एरर आली म्हणून ‘वेटसेकंड्स’ (फाइलची किती वेळ वाट बघायची ते) शून्य करू नका. डिफॉल्ट ७ सेकंद आहेत, आणि बहुतेक वेळा पाथच चुकलेला असतो.