वर्गातली लोकल: शिशुवर्गात मोजणीचा खेळ कसा घ्यावा

मोठ्या शिशूतील बहुतेक मुले एक ते दहा अंक गाण्यासारखे म्हणून दाखवतात. पण समोर सात चिंचोके ठेवून मोजायला सांगितले की बोट एका चिंचोक्यावर थबकते आणि तोंड दोन अंक पुढे निघून जाते. एका वस्तूला एकच अंक, ही जुळणी पाठांतराने येत नाही, ती हातून घडावी लागते. मुंबईच्या मुलांच्या ओळखीची लोकल त्यासाठी फार उपयोगी पडते.

साहित्य म्हणून खडू, जुन्या लग्नपत्रिका आणि चिंचोके पुरतात. (ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हाही आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंवरच भर होता, महागडे संच नसल्याने काही अडत नाही.) बाके भिंतीकडे सरकवून जमिनीवर पाच-पाच चौकोनांच्या दोन रांगा आखाव्यात आणि प्रत्येक रांगेत एक ते पाच ठिपके काढावेत. पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तसेच ठिपके काढून दहा तिकिटे कापावीत. वर्गात दहापेक्षा जास्त मुले असल्यास दहा मुलांनी गाडीत बसावे आणि उरलेल्यांनी फलाटावर थांबावे.

पहिल्या दिवशी तिकिटे देऊ नयेत. नुसते चढणे, बसणे आणि उतरणाऱ्यांना आधी वाट देणे एवढेच पुरे.

दुसऱ्या दिवशी तिकिटावर जितके ठिपके, तितक्याच ठिपक्यांच्या चौकोनात बसायचे. येथे ताईंनी शक्यतो गप्प राहावे. तीनचे तिकीट घेतलेली मुलगी चारच्या चौकोनात बसली, तर थोड्याच वेळात चारचे तिकीटवाला येऊन "ही माझी जागा आहे" असे म्हणतो. मग दोघेही वाकून, आधी तिकिटावर आणि नंतर जमिनीवर, एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजतात. खरी मोजणी या भांडणात होते, आणि ताईंनी घाईने जागा दाखवली तर ती हुकते.

तिसऱ्या दिवशी दादर, माटुंगा, शीव, कुर्ला ही स्थानके ओळीने घ्यावीत. एका मुलाला गार्ड करून दर प्रवाशामागे एक चिंचोका त्याच्या डबीत टाकायला सांगावा. शीवला दोघे उतरले की त्याने दोन चिंचोके बाहेर काढावेत, आणि त्यानंतरच "आता गाडीत किती?" असे विचारावे. हे जमले की परतीची गाडी सोडावी, म्हणजे आधीचे आणि नंतरचे स्थानक कोणते, याचाही विचार होतो. पंधरा-वीस मिनिटांत खेळ आवरावा. अंक लिहून घेण्याची घाई या आठवड्यात करू नये.

धाकटी मुले चिंचोके तोंडात किंवा नाकात घालतात, म्हणून त्यांना रिकाम्या काड्यापेट्या द्याव्यात. मोठ्यांकडून चिंचोके परत घेताना ते मुलांनाच मोजू द्यावेत. एखादा कमी भरलाच तर आधी सगळ्यांचे खिसे तपासावेत आणि मग बाकांखाली शोधावे.