काहीतरी हटके विणायचंय? मग या चुका टाळा

स्वेटर-टोपीच्या पलीकडे जाऊन वेगळं काही विणणारे वाढलेत याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्याच त्याच चुकांपायी चांगली चांगली कामं वाया जाताना बघवत नाहीत.

सगळ्यात जास्त फसते ती फेल्टची पर्स. आधी ढगळ पर्स विणायची, मग गरम पाण्यात साबण घालून ती भरपूर घुसळायची, म्हणजे तंतू एकमेकांत अडकून आटतात आणि जाडजूड कापड तयार होतं. हे फक्त खऱ्या लोकरीचं होतं! आपल्याकडच्या दुकानांतले बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचे, ते काही केल्या आटत नाहीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने सुंदर पट्ट्यांची पर्स विणली, मशीनमध्ये फिरवली, आटली नाही म्हणून पाणी अजून गरम करून परत परत फिरवली, शेवटी पर्स सैल पडून तिचा बंद पार गुडघ्यापर्यंत आला. उरलेल्या गुंड्याचा धागा मी तिच्यासमोर जाळला तर वितळून त्याचा काळा कडक मणी झाला. खरी लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. ही परीक्षा टाके घालायच्या आधी करायची. लेबलवर सुपरवॉश लिहिलं असेल तर खरी लोकरसुद्धा आटणार नाही, ती घेऊच नका. आणि मी १५ बाय १५ सेंमीचा नमुना विणून, आटवून, मोजल्याशिवाय पर्सला हात लावत नाही. लोकर बहुतेक वेळा रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटते, त्यामुळे पर्स उंचच विणा. मशीनमध्ये टाकताना उशीच्या अभ्र्यात बांधून टाका, नाहीतर सुटलेले तंतू पाइपात अडकतात. नमुना म्हणजे वेळेचा अपव्यय असं नवशिक्यांना का वाटतं मला कळत नाही, अख्खी पर्स उसवायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

दुसरं, टेंपरेचर ब्लँकेट. रोजच्या तापमानाच्या रंगाची एक ओळ, वर्षाच्या ३६५. कल्पना छानच आहे, पण परदेशी तक्ता जसाच्या तसा उचलू नका. त्यात ५-५ अंशांना एक रंग असतो आणि मुंबईचं दुपारचं तापमान वर्षातले बरेचसे दिवस २८ ते ३५च्या आसपास, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर जवळपास दोनच रंग! एकेका अंशाला रंग द्या. लांबीचा हिशोबही आधीच करा, १० सेंमीत २४ ओळी बसत असतील तर ३६५ ओळींचे दीड मीटर होतात, रोज दोन ओळी घातल्या तर थेट तीन मीटर.

गोल सुईवर, म्हणजे लवचिक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, गोलाकार विणण्यासाठी पहिला आणि शेवटचा टाका जोडताना टाके पिळलेले नाहीत ना बघा, तो पीळ नंतर निघत नाही.

सुयांऐवजी टाके थेट हातांवर घेऊन विणायचं असेल तर बारीक धागा एकेरी घेऊ नका, जाळं होतं. आणि मधेच उठावं लागलं तर टाके लाटण्यावर सरकवून ठेवा.