जुन्या विमानाला उजवीकडे ब्रेक बसवताना या चुका टाळा

१९४०च्या दशकातल्या शेजारी-शेजारी दोन सीटच्या विमानांत ब्रेक बऱ्याचदा फक्त डावीकडे असतात. ल्युसकोम्ब, टेलरक्राफ्ट, एरोंका चीफ ही त्यातली ओळखीची नावं. चीफशी पुष्कळ साम्य असलेलं, एचएएल या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे आपल्या फ्लाइंग क्लबांत त्यावर कितीतरी जण शिकले. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. शेपटीला चाक असलेलं विमान उतरल्यावर गर्रकन फिरायला लागलं, तर शिकवणाऱ्याच्या पायाशी रडर (शेपटीचं सुकाणू) फिरवायचं पेडल असतं, ब्रेक नसतो. त्यामुळे उजवीकडेही ब्रेक हवेत ही मागणी रास्तच आहे. पण या कामात बिघडतं ते बहुतेक वेळा उजवीकडच्या पेडलमुळे नाही, तर आधी नीट चालणाऱ्या डाव्या ब्रेकच्या वाटेत आपण जे आणून बसवतो त्यामुळे.

टी लावून जोडणी करणं

सर्वांत मोठी चूक हीच. डावीकडे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलावर दाब देणारा) आहे, उजवीकडे दुसरा बसवला, दोघांच्या नळ्या टी म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून एकत्र केल्या आणि चाकाकडे नेल्या. कागदावर हे बरोबर दिसतं. प्रत्यक्षात एक पेडल दाबलं की तेल चाकाकडे जाण्याऐवजी दुसऱ्या, न दाबलेल्या सिलिंडरच्या उघड्या छिद्रातून टाकीत परत जातं. पेडल तळाला टेकतं आणि माणूस तासन्‌तास हवा काढत बसतो. हवा नसतेच तिथे.

बरोबर मांडणी एकामागे एक अशी असते. टाकीतून तेल उजव्या सिलिंडरला, तिथून डाव्याला, डाव्यातून चाकाला. उजव्याने दाबलं तर दाब मोकळ्या डाव्या सिलिंडरमधून पुढे जातो. अर्थात दोन सिलिंडर झाले म्हणून ब्रेकची ताकद दुप्पट होत नाही. चाकावरची डिस्क आणि पॅड तेच आहेत.

मे महिन्यातला धरलेला ब्रेक

या मांडणीत एक अट लपलेली आहे. चाकापासून टाकीपर्यंत तेलाला परतीची वाट हवी आणि ती आता दोन सिलिंडरांतून जाते. दोन्ही पेडलं सोडल्यावर दोन्ही सिलिंडर पूर्ण मागे आले पाहिजेत. उजव्या बाजूची स्प्रिंग कमजोर असेल, दांडी जरा लांब राहिली असेल किंवा पेडल कार्पेटच्या कडेला टेकत असेल, तर छिद्र झाकलं जातं आणि तेल आत अडकतं.

थंड प्रदेशात हे कदाचित कळणारही नाही. आपल्याकडे मात्र जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. हायड्रॉलिक तेल दर १० अंशांना साधारण एक टक्क्याच्या थोडं आत फुगतं. सकाळी मोकळं फिरणारं चाक दुपारी पत्र्याच्या हँगरमधून बाहेर ढकलताना अडतं आणि मदतनीस ओरडतो, "ब्रेक धरी ऱ्हायना, नाना!" (ब्रेक धरतोय). टॅक्सी करताना तोच ब्रेक घासून तापतो, तेल आणखी फुगतं, पकड आणखी वाढते. एकच चाक धरत असेल तर विमान त्या बाजूला ओढतं. म्हणजे जे टाळण्यासाठी ब्रेक बसवले, तेच आपण घडवून आणतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. विमान जॅकवर घ्या आणि चाकाजवळचा ब्लीडर (तेल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) किंचित उघडा. चाक तरीही सुटलं नाही तर दोष कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा पिस्टनचा. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात चाकाला थापली जाते, वाळून दगड होते आणि पिना जाम करते. चाक सुटलं, तर दाब वरून अडकलेला आहे. पुन्हा दाबा, चाक धरू द्या आणि आता दोन सिलिंडरांमधला जोड सैल करा. सुटलं तर उजवा सिलिंडर पूर्ण परतत नाही. नाही सुटलं तर डावा सिलिंडर पाहा, नाहीतर जुना रबरी होज (नळी). तो आतून फुगला की तेल जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

मोटारीच्या दुकानातला माल

धुळ्याच्या बाजारात ब्रेक ऑइल कुठेही मिळतं, पण ते डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. या विमानांत सहसा ५६०६ दर्जाचं लाल खनिज तेल चालतं. मोटारीचं तेल त्याच्या सीलना फुगवून खराब करतं, आणि एकदा मिसळलं की सगळे सील काढून बदलण्यावाचून इलाज नाही. नळीच्या टोकाचं फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं तोंड) ही तसंच: विमानाचं ३७ अंशांचं, मोटारीचं ४५ अंशांचं. जबरदस्तीने आवळलं तर आज बसेल, उद्या झिरपेल. गळतं म्हणून फ्लेअरच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचा तुकडा आत गेला तर बारीक छिद्र बंद करतो.

हवा खालून वर काढा: चाकाच्या ब्लीडरमधून तेल दाबत टाकीपर्यंत. उजवीकडून डावीकडे येणाऱ्या नळीला मध्ये उंचवटा ठेवलात तर हवा तिथेच थांबते.

जागा, कागद आणि पहिली टॅक्सी

ब्रॅकेट नुसत्या पातळ फरशीला बोल्ट करू नका. घाबरलेला माणूस जीव खाऊन दाबतो. तो जोर खालच्या चौकटीपर्यंत पोचला पाहिजे. मग दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण रडर आणि त्याच वेळी पूर्ण ब्रेक देऊन पाहा, तेही जाड बूट घालून. कुठेही अडकता कामा नये.

कागदपत्रांचं काम शेवटी ठेवू नका. परदेशात मंजूर झालेलं किट असलं तरी ते तुमच्याच मॉडेलला लागू आहे का हे आधी पाहा. व्हीटी म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानात असा बदल करायला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता लागते आणि कामावर परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही लागते. वजन दोन-तीन किलोच वाढलं, तरी वजन-संतुलनाच्या कागदात ते चढवावं लागतं.

पहिली टॅक्सी सकाळी, वारा पडलेला असताना आणि चालण्याच्या वेगात करा. आधी फक्त डावे ब्रेक, मग फक्त उजवे, मग दोन्ही. दुपारी विमान उन्हात तापू द्या आणि चाकं परत हाताने फिरवून पाहा. शिकवणी नसेल तेव्हा उजवीकडे बसणाऱ्याला टाचा फरशीवर, पेडलपासून लांब ठेवायला सांगा. उतरताना त्याने दचकून ब्रेक दाबला, तर शेपटी उचलली जाऊन प्रोपेलर जमिनीला लागू शकतो.