साहेबांच्या हेलिकॉप्टरचं बिल कसं काढायचं (आणि पुढच्या वेळी कमी कसं करायचं)

हेलिकॉप्टर उतरलं की आख्खं गाव बघायला पळतं, बिल बघायला कोणी जात नाही. मुंबईहून रात्री रेल्वेत बसलं की सकाळी जळगाव येतं, जळगावला विमानतळ पण आहे, तरी मंत्रीसाहेब सरकारी पैशाने चार्टर (म्हणजे आख्खं हेलिकॉप्टर भाड्याने) करून येत असतील तर विचारायचा आपला हक्क आहे ना भो.

त्यासाठी माहिती अधिकार कायदा 2005. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्या 12 परदेश दौऱ्यांचा 205 कोटींचा खर्च 2012 ला असाच अर्जातून बाहेर आला होता, ताई आपल्या जळगावच्याच, पण हिशोब तो हिशोब.

आता अर्ज. "एकूण खर्च किती" असं विचारूच नका, माहिती संकलित नाही असं एका ओळीचं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो. कागद मागा. एका दौऱ्याची तारीख धरा आणि मंजुरीची टिपणी, कंपनीचं बिल, तासाचा दर, रिकामं आणायचं-न्यायचं भाडं, थांबण्याचे पैसे, आणि आत कोण कोण बसलं होतं ती यादी, यांच्या प्रती द्या म्हणा. रिकाम्या फेरीवर खास नजर ठेवा, साहेब बसलेले नसतात पण मीटर चालू असतं. हा अर्ज मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाला, ऑनलाइन पण होतो, फी 10 रुपये.

दुसरा अर्ज इथल्याच सार्वजनिक बांधकाम विभागाला, कारण तात्पुरतं हेलिपॅड तेच करतात. सपाटीकरण, रोलर, पाण्याचे टँकर, बॅरिकेड, हे पैसे चार्टरच्या बिलात दिसतच नाहीत. दोन्ही एकात कोंबू नका, आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द असा नियम आहे.

सुरक्षेचं कारण देऊन नाही म्हणाले तर कलम 10 दाखवा, गुपित तेवढं झाका बाकीचं द्या. 30 दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसात दुसरं, आपल्या जिल्ह्यातल्या ऑफिसांचं राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातं.

कागद हातात आले की नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, आमदाराला द्या (विरोधी पक्षाचा असला तर जास्त मन लावून वाचतो) आणि तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) टाकायला लावा. मागणी छोटी ठेवा: चार्टर मंजूर करताना टिपणीत त्याच दिवसाच्या साध्या विमानाचं भाडं शेजारी लिहायचं आणि ते का चाललं नाही ते सहीनिशी सांगायचं. केंद्राने तर 2022 लाच आपल्या कर्मचाऱ्यांना दर्जात बसणारं सगळ्यात स्वस्त तिकीट घ्या म्हणून सांगितलंय.

आणि आचारसंहितेत मंत्री सरकारी विमानाने प्रचाराला आले तर थेट निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिलवर तक्रार करा, फक्त गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, तिथंच उभं राहून काढावा लागतो.