नैराश्यात व्यायाम सुरू करताय? या चुका टाळा

नैराश्यावर व्यायामाचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पन्नाशीपुढचे १५६ रुग्ण होते. काहींना सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाची गोळी, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी निघाली. गोळीचा गुण सुरुवातीला लवकर दिसला. पण त्या व्यायामाची वेळ ठरलेली होती, सोबत माणसं होती, देखरेख होती. घरी रुग्णाच्या हाती नुसता सल्ला असतो, आणि चौथ्या दिवशी बूट पुन्हा कपाटात जातात.

इच्छा होण्याची वाट पाहणं

हीच सगळ्यात मोठी चूक. या आजारात इच्छाच आटते, त्यामुळे "जरा बरं वाटलं की सुरू करतो" म्हणणाऱ्याची सुरुवात होतच नाही. आधी शरीर हलवायचं, मन मागून येतं. त्यासाठी सकाळी करावे लागणारे निर्णय रात्रीच संपवून ठेवा. बूट दाराशी, मोजे बुटांतच खोचलेले, किल्ली शेजारी, अंगावर चालायला जाता येईल असेच कपडे. सकाळी पाय जमिनीवर टेकवायचे, पाणी प्यायचं, बूट घालायचे, उंबरठा ओलांडायचा. सोसायटीच्या फाटकापर्यंत गेल्यावर परतावंसं वाटलं तर खुशाल परता. तो दिवस झाला असं धरून कॅलेंडरवर खूण करा.

पहिल्याच दिवशी तासभर

तासभर चालणं, वर बारा सूर्यनमस्कार. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, जिना उतरवत नाही, आणि "माझ्याने एवढंही होत नाही" हा जुना विचार नव्याने डोकं वर काढतो. नैराश्यात दुखण्यापेक्षा हा विचार जास्त महाग पडतो.

पहिला आठवडा रोज दहा मिनिटं: पाच जायची, पाच यायची. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्यात तीस मिनिटं होतात. आठवड्यातले पाच दिवस धरले तर १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, त्याची ही खालची पायरी. वेग असा की बोलता यावं, पण गाता येऊ नये. महिनाभराने आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम जोडा: खुर्चीवरून आठ वेळा उठबस, भिंतीला हात टेकून आठ दंड, मध्ये दोन मिनिटं विसावा आणि पुन्हा एकदा तेवढंच.

दोन दिवस बुडाले तर तिसऱ्या दिवशी भरपाई नको. उलट निम्मंच करा.

पहाटेचा हट्ट

कित्येकांना सकाळच सर्वांत जड जाते, दुपारनंतर थोडं मोकळं वाटतं. रात्रीच्या काही गोळ्यांची गुंगीही सकाळी रेंगाळते. मग संध्याकाळच्या चहानंतरची वेळ धरा. मात्र ती रोज तीच असू द्या, आणि झोपण्याआधीच्या तासाभरात दमवणारा व्यायाम नको.

गोळ्या मनाने बंद करणं

चालणं जमू लागलं, जरा उभारी आली की हा मोह होतोच. कृपा करून करू नका. गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, डोक्यात झिणझिण्या, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो, आणि आजार उलटण्याची भीती असते ती वेगळीच. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा.

व्यायाम सुरू करताना चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असताना खूप घाम गेला आणि पाणी कमी पडलं तर औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते; हात जास्त थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं तर थांबा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. काही औषधांनी उठताना रक्तदाब घसरतो, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहा. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांनी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण हे औषध नाडी वाढू देत नाही.

रोज मन तपासत बसणं

आज चाललो, आज बरं वाटलं का? हा हिशेब रोज मांडला की निराशाच पदरी येते. फरक कळायला चार ते सहा आठवडे द्या. पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या वारी भरा. एकूण गुण २७, आणि आकडा उतरायला हवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

थोडं चाललं तरी दम लागत असेल, थकवा हटतच नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. अ‍ॅनिमिया आळसासारखाच दिसतो. उलट झोप दोन-तीन तासांवर आली, तरी थकवा नाही आणि मध्यरात्रीही व्यायामाची हुक्की येते, असं झालं तर ती सुधारणा समजू नका, डॉक्टरांना कळवा.

घरच्यांची चूक

"गेलास का आज?" हा प्रश्न रोज विचारला की चालणं ही हजेरी होते आणि न जाणं हा गुन्हा. त्यापेक्षा स्वतःच्या चपला पायात सरकवा आणि म्हणा, "चल, कोपऱ्यापर्यंत मीपण येते." वाटेत तो काही बोलला नाही तरी चालेल.