डिस्क उघडत नाही? आधी या चुका टाळा

हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडला आणि विंडोजने 'वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल' असं सांगितलं, की अनेकजण घाबरून 'फॉरमॅट' दाबून मोकळे होतात. खरं तर त्या क्षणी आतला डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. माझं ठाम मत आहे की घरातले फोटो आणि कागदपत्रं जितकी डिस्कच्या बिघाडामुळे जातात, त्याहून जास्त बिघाडानंतरच्या पहिल्या तासाभरातल्या खटपटीमुळे जातात. हा लेख त्या तासाबद्दल आहे.

या सूचनेचा अर्थ एवढाच, की विंडोजला डिस्कवरची फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही, वाचता येत नाही. कारणं साधी असू शकतात: फाइल कॉपी होत असताना लाईट गेली, पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढून काढला, केबल सैल आहे. कधी तर डिस्क ठणठणीत असते, फक्त ती लिनक्सच्या एक्स्ट४ किंवा मॅकच्या एपीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. विंडोजला ते कळत नाही आणि ते हाच प्रश्न विचारतं. विंडोजबरोबर लिनक्स किंवा मॅकही वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडल्यावर 'इनिशियलाइज (नव्या डिस्कसारखी तयार) करायची का?' असं विचारलं तरी उत्तर नाहीच. आधी केबल बदला, डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला जोडा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. मोठ्या एक्स्टर्नल डिस्कचा अडॅप्टर कमजोर झाला तरी ती मध्येच दिसेनाशी होते.

फॉरमॅट झालंच असेल तर

कुठलं झालं, यावर सगळं अवलंबून आहे. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं; पानं जागेवर असतात. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं, आणि जिथे शून्यं लिहिली गेली तिथलं काही परत येत नाही. पूर्ण फॉरमॅट चुकून सुरू झालं असेल तर ते लगेच थांबवा, कारण उरलेला भाग अजून वाचलेला असतो. क्विक फॉरमॅटनंतर त्या डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं आणि सापडलेल्या फाइल तिथेच सेव्ह करणं, या दोन चुका मी सर्वात जास्त पाहतो. ज्या जागेत तुमचे फोटो आहेत, ती जागा सिस्टिमच्या लेखी रिकामी असते. नवी फाइल नेमकी तिथे जाऊन बसू शकते.

चेकडिस्क हा पहिला उपाय नव्हे

कुणालाही विचारा, 'चेकडिस्क चालव' हाच सल्ला मिळतो; हे विंडोजमधलंच डिस्क तपासणारं साधन. निरोगी डिस्कवर फाइल सिस्टिम थोडी बिघडली असेल तर तो ठीक आहे. पण चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं हे आहे, तुमच्या फाइल वाचवणं हे नाही. हिशेब जुळेना तर तो नोंदी कापतो आणि उरलेले तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइल करून टाकतो. त्यातून मूळ फोल्डरांची रचना पुन्हा उभी करणं फार कष्टाचं. खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवणारे छोटे कप्पे) शोधण्याचा पर्याय दिला तर तो सगळी डिस्क वाचत बसतो. आजारी डिस्कला हा व्यायाम झेपत नाही. डिस्कची पूर्ण नक्कल हातात आल्यावर, त्या नकलेवर हवे तितके प्रयोग करा.

म्हणून आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या 'स्मार्ट' नावाच्या नोंदी दाखवतं. वरच्या 'गुड' या शब्दावर विसंबू नका, आकडे वाचा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या: बदललेले सेक्टर, वाचता न आल्याने ताटकळत असलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. तिथला आकडा शून्यापेक्षा जास्त असेल आणि वाढत असेल, तर ती डिस्क निरोप घेते आहे असं समजा. सी७ ही ओळ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. चांगल्या डिस्का या एका ओळीमुळे कचऱ्यात गेल्या आहेत. एक सूचना: हे सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्साडेसिमल म्हणजे सोळाच्या पटीतल्या पद्धतीत दाखवतं, त्यामुळे १० दिसलं तर ते १६ असतं. सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडता येते.

ओढून कॉपी करू नका

खराब सेक्टर असलेल्या डिस्कवरून फोल्डर ओढून कॉपी केलं, की एक्सप्लोरर एकाच फाइलपाशी अडकतो. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि तिचं उरलेलं आयुष्य तिथेच संपतं. आजारी डिस्कची नक्कल काढण्यासाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे माझ्या मते सर्वात समजूतदार साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, म्हणून काम मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. आज्ञा देताना या मॅप फाइलचं नाव लिहायला विसरू नका. उबुंटू किंवा डेबियनमध्ये पॅकेजचं नाव सुरुवातीला 'जी' लावून जीडीडीरेस्क्यू असं आहे. शोधताना गोंधळ होतो.

इथली भयंकर चूक म्हणजे मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली तर खेळ खलास. एंटर दाबण्याआधी दोन्हींची साइज आणि सीरियल नंबर मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसाला ऐकवा. नक्कल इमेज फाइलमध्ये उतरवली तर हा धोका बराच कमी होतो.

नक्कल झाली की टेस्टडिस्क हे साधन हरवलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, शोधून देतं. ते जमलं नाही तर त्याचंच भावंड फोटोरेक. फोटोरेक फाइलच्या आतल्या खुणांवरून तुकडे ओळखतं, त्यामुळे फाइलांची नावं आणि फोल्डर बहुतेक जातात. कॅमेऱ्याच्या फोटोंमध्ये मात्र काढल्याची तारीख आतच लिहिलेली असते. तिच्यावरून लग्नाचा अल्बम पुन्हा क्रमाने लावता येतो. दोन्ही साधनं मोफत आहेत.

जिथे फारसा उपाय नाही

एसएसडीवरून (तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कवरून) फाइल डिलीट केली, तर विंडोज ७ पासून सिस्टिम ट्रिम नावाची आज्ञा देऊन ती जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवते. त्यानंतर तिथून बहुतेक वेळा शून्यंच वाचायला मिळतात. मोबाइलचंही तेच: अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या आवृत्तीसह आलेल्या फोनचं स्टोरेज एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात असतं, म्हणून 'डिलीट झालेले फोटो परत मिळवा' म्हणणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका. गॅलरीची कचरापेटी आधी बघा. लॅपटॉप विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनने बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. किल्ली नसेल तर लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसरीकडे लावूनही काही दिसणार नाही.

डिस्कमधून टिकटिक किंवा घरघर येत असेल तर ती तिथेच बंद करा. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला अजून फिरतो; बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तबकडीचं नुकसान होतं. झाकण उघडू नका, कारण हेड (डेटा वाचणारा भाग) आणि तबकडीतलं अंतर काही नॅनोमीटर असतं आणि धुळीचा कण त्यापेक्षा कितीतरी मोठा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तशीच डिस्क आणून सर्किट बोर्ड बदलण्याची कल्पनाही आता चालत नाही. त्या त्या डिस्कची जुळणी बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिप हलवल्याशिवाय नवा बोर्ड निरुपयोगी.

अशा वेळी रिकव्हरीवाल्याकडे जाताना तीन प्रश्न विचारा: काम मूळ डिस्कवर करणार की नकलेवर, पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलांची यादी दाखवणार का, आणि काही मिळालं नाही तर डिस्क आहे त्या स्थितीत परत देणार का. पहिल्या प्रश्नाला 'मूळ डिस्कवर' असं उत्तर आलं, तर डिस्क परत पिशवीत टाका आणि दुसरीकडे चौकशी करा.